हाडाचे हत्यार कशावरून ओळखावे?

दगडाच्या छिलक्यावर आघातबिंदूच्या खाली उमटणारा फुगवटा ही मानवी हाताची खूण कशी ठरते, हे मागील लेखांकात वाचून एका वाचकाने विचारले आहे की गुहेतील हाडांच्या बाबतीत अशी कोणती खूण मानावी, कारण हाड तरसही फोडते आणि छतावरून निखळलेल्या शिळेखालीही ते फुटते. प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा आहे. त्यामुळे भीमबेटका येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्र यांनी केलेल्या उत्खननाचे विवेचन पुढे ढकलून हा संपूर्ण लेखांक हाडांनाच देणे उचित होय.

दगड निसर्गात टोकदार होऊन फुटतो तो क्वचित. हाडाचे तसे नाही. लांब हाडाचा मधला पोकळ भाग ताजा असताना फुटला, की त्याचे तुकडे तिरपे, सुरीच्या पात्यासारखे निघतात, मग तो घाव माणसाने मज्जेसाठी घातलेला असो वा तरसाच्या जबड्याचा असो. केवळ आकारावर विसंबणारा संशोधक येथे हमखास फसतो, आणि असा संशोधक सामान्य वकुबाचाच असतो असेही नाही. दक्षिण आफ्रिकेतील टाउंग येथील बालकवटीचे महत्त्व १९२५ साली जगापुढे मांडणारे शरीरशास्त्रज्ञ रेमंड डार्ट यांनी पुढे मकापान्सगाट या चुनखडीच्या गुहेतील हजारो अश्मीभूत हाडांचा अभ्यास केला. ही हाडे ब्रेशियात, म्हणजे चुन्याने सांधल्या जाऊन खडकाइतक्या कठीण झालेल्या माती-दगडांच्या थरात, अडकलेली होती. त्यांत हरणांच्या दंडाच्या हाडाची कोपराकडील टोके खांद्याकडील टोकांच्या सुमारे दहापट निघाली, कवट्या व जबडे विपुल मिळाले आणि शेपटीचे मणके मात्र जवळपास नव्हतेच. एवढी विषमता हेतुपुरस्सर निवडीवाचून येणार नाही, असे मानून डार्ट यांनी १९५७ साली ‘अस्थि-दंत-शृंग संस्कृती’ची कल्पना सविस्तर मांडली. तिच्यानुसार दगडी हत्यारांच्याही आधी ऑस्ट्रॅलोपिथेकस हा मानवसदृश प्राणी हाडांचे सोटे, दातांच्या करवती आणि शिंगांचे सुळे वापरून शिकार करीत होता. रॉबर्ट आर्ड्री या लेखकाने १९६१ साली ही कल्पना लोकप्रिय पुस्तकातून सर्वदूर पोहोचवली आणि माणूस मुळातच हिंस्र असल्याचा समज तिने दृढ केला.

या कल्पनेची कसोटी सी. के. ब्रेन यांनी ज्या रीतीने घेतली, ती पुरातत्त्वातील अत्यंत सुंदर रीतींपैकी एक मानावी लागेल. नामिब वाळवंटातील कुइसेब नदीकाठच्या खोईखोई वस्त्यांत लोक शेळ्या पाळत, मांस खात, हाडे दगडाने फोडून मज्जा काढत आणि उरलेली हाडे कुत्र्यांपुढे टाकत. या वस्त्यांभोवती पडलेली शेळ्यांची हाडे ब्रेन यांनी गोळा करून मोजली, तेव्हा दंडाच्या हाडाची कोपराकडील टोके भरपूर मिळाली, खांद्याकडील एकही नाही. येथे हत्यारांसाठी कोणीही काही निवडलेले नव्हते. कोपराकडील टोक प्राण्याच्या वयात लवकर सांधते व घट्ट असते, तर खांद्याकडील टोक उशिरा सांधते व आतून जाळीदार असल्याने कुत्रे ते चावून संपवतात, एवढेच या विषमतेचे कारण होते. मकापान्सगाटची विषमताही अशाच झिजेतून, त्या काळच्या मांसभक्षक प्राण्यांच्या दातांखाली, निर्माण होऊ शकते, हे त्यातून उघड झाले. त्याच परिसरात ब्रेन यांना आणखी एक गोष्ट दिसली: वाळूत पडलेली हाडे शेळ्यांच्या खुरांखाली सतत घासली जाऊन गुळगुळीत व टोकदार होतात आणि हुबेहूब घडवलेल्या हत्यारांसारखी दिसू लागतात. आकाराबरोबर चकाकीचा पुरावाही अशा रीतीने गेला.

ब्रेन यांनी स्वार्टक्रान्स या दुसऱ्या गुहेत १९६५ पासून दोन दशके उत्खनन केले. तेथे पूर्वी मिळालेल्या एका मानवसदृश बालकाच्या कवटीवरील दोन छिद्रे बिबट्याच्या खालच्या सुळ्यांशी तंतोतंत जुळतात, हे त्यांनी दाखवून दिले. डार्ट यांचा शिकारी येथे स्वतःच भक्ष्य ठरला. तरीही हाडांची हत्यारे मुळीच नव्हती, अशा दुसऱ्या टोकाला ब्रेन गेले नाहीत, आणि त्यांची खरी थोरवी येथेच दिसते. स्वार्टक्रान्सच्या सुमारे १८ ते १० लाख वर्षे जुन्या थरांत त्यांना अशी काही हाडे व शिंगांचे गाभे मिळाले, की ज्यांची झीज फक्त टोकापाशी होती आणि उरलेले अंग शाबूत होते. खुरांखाली, वाहत्या पाण्यात किंवा तरसाच्या पोटात झिजलेले हाड सर्वांगाने झिजते. एकाच टोकाने काम केले असेल तरच झीज तेवढ्या टोकापुरती राहते. ब्रेन यांनी स्वतः हाडांनी जमीन उकरून पाहिली आणि ही हत्यारे कंद खणण्यासाठी असावीत असे मत मांडले.

२००१ साली लुसिंडा बॅकवेल आणि फ्रान्चेस्को देरिको यांनी तीच टोके सूक्ष्मदर्शकाखाली तपासून वेगळा निष्कर्ष काढला. कंदासाठी खडेमिश्रित माती उकरल्यास ओरखडे जाड-बारीक आणि वेगवेगळ्या दिशांचे उमटतात, तर वाळवीच्या वारुळाची माती बारीक व एकसारख्या कणांची असल्याने ते अतिशय बारीक आणि हाडाच्या लांबीला समांतर येतात. स्वार्टक्रान्सच्या हाडांवर हा दुसरा प्रकार आढळला. तेव्हा वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर हे की हाडावरील खूण त्याच्या घडणीत नव्हे तर त्याने केलेल्या कामात शोधावी लागते: झीज कोठे थांबते, ओरखडे कोणत्या दिशेने जातात आणि मुद्दाम केलेल्या प्रयोगांत तसेच ओरखडे मिळतात का, या तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. घडणीचे पुरावे, म्हणजे तासल्याच्या व घासून टोक काढल्याच्या खुणा, फार नंतरच्या काळात विपुल होतात आणि तेव्हा निर्णय सोपा होतो.

भारतापुरते पाहता हा प्रश्न आंध्र प्रदेशातील कर्नूलच्या गुहांपाशी येऊन उभा राहतो. चुनखडीच्या गुहेतील अल्कधर्मी मातीत हाडे टिकतात, त्यामुळे अशा पुराव्यासाठी या गुहा विशेष मोलाच्या आहेत. कॅप्टन न्यूबोल्ड यांनी १८४४ साली बिल्ला सुरगम गुहांची माहिती प्रसिद्ध केली आणि रॉबर्ट ब्रूस फूट व त्यांचे पुत्र हेन्री यांनी १८८४-८५ च्या सुमारास तेथे खोदकाम केले. मिळालेल्या अस्थिशस्त्रांची तुलना फूट यांनी फ्रान्समधील मॅग्डलेनियन, म्हणजे हिमयुगाच्या अखेरच्या, संस्कृतीशी केली, परंतु ही तुलना आकारांवर आधारलेली होती आणि त्या हाडांसोबत दगडी हत्यारांची जोड मिळालेली नसल्याने अभ्यासकांच्या मनात शंका रेंगाळत राहिली. ती शंका दूर करण्याचे काम एम. एल. के. मूर्ती यांच्या १९७० च्या दशकातील उत्खननाने केले. मुच्छटला चिंतामणू गवी या गुहेत त्यांना हाडांची हत्यारे दगडी हत्यारांसह एकाच थरात मिळाली, आणि विशेष म्हणजे तेथे संख्येने हाडेच वरचढ होती. खरवडण्याची, भोके पाडण्याची व छिन्नीसारखी अशी जी नावे या हत्यारांना दिली जातात, ती आकारावरून दिलेली असतात. प्रत्यक्षात कातडे खरवडले गेले की लाकूड तासले गेले, हे ठरवायचे तर कर्नूलच्या प्रत्येक टोकालाही स्वार्टक्रान्सचीच कसोटी लावावी लागते.