दर आधी, लागवड नंतर

शेतीतला माणूस व्यवसायात का उतरतो, असं विचारलं की उत्तर येतं, 'जास्त पैशासाठी'. बुलढाणा जिल्ह्यापुरतं तरी हे उत्तर मला अपुरं वाटतं.

2006च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातले 6 जिल्हे होते, त्यांत बुलढाणा होता. कोरडवाहू जमीन, कापूस आणि सोयाबीन. इथल्या शेतकऱ्याला पिकवता येतं हो. पण पेरताना माल कोणत्या भावाने जाणार, हे त्याला ठाऊक नसतं.

आता देऊळगाव राजाचा भाग बघा. तालुका विदर्भातला, पण जालना अगदी जवळ. तिथे बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको सुरू केली आणि पुढे जालना बियाण्यांचं गाव झालं. त्या धंद्याची झिरप इकडच्या शेतांत आली. आज इथे शेडनेट दिसतात. आत मिरची, टोमॅटो, काकडी असते, पण भाजीसाठी नाही, बियाण्यासाठी. कंपनी नर-मादीचं बियाणं देते आणि किलोचा दर लागवडीआधीच सांगते. काम किचकट. मिरचीची कळी उमलण्याआधी चिमट्याने पुंकेसर काढायचे, मग नराचा पराग लावायचा. याला 'क्रॉसिंग' म्हणतात. ते मुख्यतः बायकांच्या बोटांवर चालतं. उद्योजक म्हणून फोटो मात्र घरधन्याचा छापून येतो.

शेडनेटला अनुदान मिळतं, हे खरं. पण नुसत्या अनुदानासाठी कोणी पहाटेपासून कळ्या हाताळत बसत नाही. खरी ओढ आधी कळणाऱ्या दराची. शिवाय शेजाऱ्याचं शेडनेट रोज बांधावरून दिसतं. दहा प्रशिक्षणांनी होत नाही ते त्याने होतं. आणखी एक कारण, जे सभेत कोणी बोलत नाही: नुसत्या शेतकऱ्याला मुलगी द्यायला लोक कचरतात. 'सीड प्लॉट आहे' म्हटलं की सोयरिकीची बोलणी निदान सुरू तरी होतात.

पण दर ठरला म्हणजे पैसे हातात आले, असं नाही. बियाण्याची उगवण आणि जनुकीय शुद्धता तपासली जाते. निकालाला काही महिने लागतात, तोवर मजुरी आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. लॉट नापास झाला तर हंगामच गेला. तरीही लोक हा धोका पत्करतात. सोयाबीनच्या भावापुढे काही चालत नाही. शुद्धता निदान आपल्या हातात आहे, असं त्यांना वाटतं.

तुमच्यापैकी कोणी प्लॉट घेणार असेल, तर निकाल किती दिवसांत देणार आणि लॉट नापास झाल्यास फेरतपासणी कुठे होणार, हे करारात आधी लिहून घ्या. दराची चर्चा त्यानंतर.