स्वप्नांतली जाग



स्वप्नांवर भाषण म्हटलें कीं, साप दिसला तर काय फळ आणि दांत पडला तर कोणावर संकट, असा कांहीं तरी हिशेब ऐकावयास मिळेल, अशी पुष्कळांची अपेक्षा असते. तो हिशेब माझ्यापाशीं नाहीं. मला सांगावयाचें आहे तें असें कीं, स्वप्न चालू असतांनाच "हें स्वप्न आहे" हें ओळखतां येतें, आणि ही ओळख पाढ्यांप्रमाणें सरावानें पक्की होते. त्यासाठीं सिद्धि लागत नाहीं कीं औषध लागत नाहीं. एक वही आणि दिवसाढवळ्या शंका घेण्याची संवय, एवढ्यावर काम भागतें.

असल्या स्वप्नाला 'लूसिड ड्रीम' हें नांव रूढ केलें तें फ्रेडरिक व्हान ईडन या डच मानसवैद्यानें, 1913 सालीं. त्याच्याहि आधीं, 1867 सालीं, हर्व्हे द सें-दनी या फ्रेंच पंडितानें या विषयावर ग्रंथ लिहिला होता, आणि त्याला आधार होता तो त्यानें लहानपणापासून ठेवलेल्या स्वप्नांच्या वह्यांचा. मराठींत मी याला 'सावध स्वप्न' म्हणतों.

आपल्याकडे स्वप्नाचा मान मोठा आहे. तुकोबांना बाबाजींनीं मंत्र दिला तो स्वप्नांत. नामदेवराय पांडुरंगाला बरोबर घेऊन आले आणि कवित्व करण्यास सांगून गेले तेंहि स्वप्नांतच. पुढें बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रह झाला तोहि स्वप्नांत, असें त्यांनीं स्वतःच नमूद करून ठेविलें आहे. पण या ठिकाणीं स्वप्नांत येणारा थोर आहे आणि निजलेला माणूस घेणारा आहे. निजलेल्यानें आपली अवस्था ओळखणें हा विचार निराळा. त्याचीहि बीजें आपल्याकडे आहेत. मांडूक्य उपनिषदानें जागृति, स्वप्न, सुषुप्ति आणि तुर्या अशा चार अवस्था मांडल्या. पतंजलींच्या योगसूत्रांत, पहिल्या पादाच्या अडतिसाव्या सूत्रांत, मन स्थिर करण्याच्या साधनांमध्यें स्वप्न व निद्रा यांच्या ज्ञानाचा आधारहि सांगितला आहे. तिबेटांतल्या बौद्धांनीं तर नारोपाच्या सहा योगांमध्यें स्वप्नयोगाला स्वतंत्र जागा दिली. असो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला प्राथमिक शिक्षक. शास्त्रार्थ विद्वानांकडे सोंपवून मी व्यवहाराकडे वळतों.

पहिला प्रश्न असा कीं, स्वप्नांत आपण फसतों कां? शाळेंत रेल्वेचा डबा येऊन उभा राहतो, मेलेला माणूस चहा मागतो, आणि आपल्याला त्यांत कांहींच वावगें वाटत नाहीं. याचें उत्तर झोंपेच्या रचनेंत आहे. 1953 सालीं शिकागो येथें असेरिन्स्की व क्लाइटमन यांनीं दाखविलें कीं, झोंपेंत अधूनमधून एक टप्पा असा येतो कीं, मिटल्या पापण्यांखालीं डोळे वेगानें हलूं लागतात. त्या वेळीं माणसाला उठविलें तर तो बहुधा स्वप्न सांगतो. हा टप्पा साधारण 90 मिनिटांनीं फिरून येतो. त्या वेळीं मेंदूचे भावनांचे भाग जोरांत काम करीत असतात, पण कपाळामागचा, तपासून पाहणारा, "हें कसें शक्य आहे?" असें विचारणारा भाग मंदावलेला असतो. म्हणजे वर्ग भरलेला आहे, दंगा चालू आहे आणि मास्तर तेवढे बाहेर गेले आहेत.

रात्र सरत जाते तसा हा टप्पा लांबत जातो. सर्वांत लांब स्वप्नें पहाटे पडतात, आणि त्यांतूनच आपण उठतों म्हणून तीं ध्यानांतहि राहतात. पहाटेचें स्वप्न खरें होतें या आपल्या समजुतीचें मूळ मला येथें दिसतें. तें खरें होतें कीं नाहीं तें सोडा. आठवतें, हें मात्र खरें.

आतां कोणी म्हणेल, "मी स्वप्नांत सावध होतों" असें माणूस उठल्यावर सांगतो, यावर विश्वास कसा ठेवावा? शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर मोठ्या युक्तीनें मिळालें. स्वप्नाच्या टप्प्यांत शरीराचे स्नायु लुळे पडलेले असतात, नाहींतर आपण स्वप्नांतली धांव पलंगावरून मारली असती. पण डोळे मोकळे असतात. 1975 सालीं इंग्लंडांतील हल विद्यापीठांत कीथ हर्न यानें अ‍ॅलन वर्स्ली या गृहस्थाशीं आधींच ठरवून ठेविलें कीं, स्वप्नांत सावध झालास कीं डोळे ठरल्या संख्येनें डावीकडे-उजवीकडे फिरव. यंत्राच्या कागदावर ती खूण उमटली. माणूस मात्र गाढ निजलेला होता. पुढें अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें स्टीफन लाबर्ज यानें हेंच स्वतंत्रपणें सिद्ध केलें. स्वप्नांतला काळ क्षणांत संपतो ही समजूतहि त्याच्या प्रयोगांनीं ढिली पडली. सावध माणसानें स्वप्नांत दहा सेकंद मोजले तर जागेपणींच्या मोजणीइतकाच सुमारें वेळ जातो.

2021 सालीं तर अमेरिका, फ्रान्स, जर्मनी व हॉलंड येथील प्रयोगशाळांनीं निजलेल्यांना प्रश्न विचारले. आठांतून सहा गेले किती, असें विचारल्यावर एकानें झोंपेंतच डोळे दोनदां हलवून उत्तर दिलें. बहुतेक वेळां उत्तर आलें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. पण जागेपणींसुद्धां ज्यांच्याकडून हें उत्तर काढतांना घाम फुटे असे विद्यार्थी मीं पाहिलेले असल्यामुळें, मला त्या एका उत्तराचें फार कौतुक वाटतें.

आतां मुख्य गोष्ट : स्वप्नाची खूण. प्रत्येकाच्या स्वप्नांत कांहीं गोष्टी पुन्हांपुन्हां येतात आणि त्या जागेपणीं संभवत नाहींत. त्या शोधून ठेवल्या म्हणजे स्वप्न स्वतःच आपलें नांव सांगतें. या खुणा पुस्तकांतून उसन्या घेतां येत नाहींत. ज्याच्या त्याच्या वहींतच त्या सांपडतात. माझ्या वहींत तीन महिन्यांनीं तीन खुणा वर आल्या. एक, परीक्षा, घंटा झालेली असते आणि प्रश्नपत्रिका माझ्यापाशीं नसतात. दुसरी, हजेरीपट, एक नांव वाचावें, मान वर करून पुन्हां पाहावें, तों तेथें दुसरेंच नांव असतें. ही दुसरी खूण बहुतेकांच्या उपयोगाची आहे. स्वप्नांतलीं अक्षरें व घड्याळांतले आंकडे दुसऱ्या नजरेला क्वचितच तसेच राहतात.

तिसरी खूण पार्लेकरांना विशेष लागू पडेल. आमची विलेपार्ल्यांतली जुनी दुमजली इमारत 2019 सालीं पुनर्विकासासाठीं पाडली. आज त्या जागीं मी सहाव्या मजल्यावर राहतों. पण स्वप्नांत मी अजून एकदांहि लिफ्टमध्यें चढलेलों नाहीं. स्वप्नांतलें माझें घर तेंच, जिन्याच्या पायऱ्या झिजलेल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकींत आंब्याची फांदी. ओळखीच्या चार घरीं विचारलें तर तेथेंहि हाच प्रकार. पार्ल्यांत गेल्या कांहीं वर्षांत इतकीं घरें पडलीं आहेत कीं, गांवांतल्या निम्म्या लोकांचीं रात्रीचीं बिऱ्हाडें जुन्या पत्त्यावरच असावींत! तीच गोष्ट बिस्किटांच्या वासाची. पार्ले कंपनीचा 1929 सालचा कारखाना 2016 मध्यें बंद झाला. स्टेशनावर उतरतांच तो भाजका वास आला, तर थबकावें आणि विचारावें.

विचारावें काय आणि केव्हां, यांतच सारी मेख आहे. दिवसा जी संवय नाहीं ती रात्रीं कोठून येणार? म्हणून जागेपणीं दिवसांतून आठ-दहा वेळां, विशेषतः कांहीं चमत्कारिक दिसलें असतां, "मी जागा आहें कीं स्वप्नांत?" असें मनापासून विचारावें. पावल तोले या जर्मन मानसशास्त्रज्ञानें या पद्धतीवर भर दिला होता. विचारून थांबूं नये; कसोटी घ्यावी. पाटीवरचीं अक्षरें दोनदां वाचावीं. किंवा नाक चिमटींत धरून, तोंड मिटून, श्वास घेऊन पाहावा. स्वप्नांत तो खुशाल येतो. लोकांसमोर ही दुसरी कसोटी जरा जपून करावी.

रात्रींची युक्ति लाबर्जची आहे. सुमारें पांच तास झोंप झाल्यावर उठावें, नुकतेंच पडलेलें स्वप्न आठवावें, त्यांत खूण कोठें होती तें शोधावें, आणि पुन्हां निजतांना "पुढच्या स्वप्नांत मला ओळखावयाचें आहे" असा संकल्प करीत, आपण त्या खुणेपाशीं सावध झालों आहोंत असें चित्र डोळ्यांपुढें आणावें. 2017 सालीं प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियांतल्या एका पाहणींत, दिवसाच्या कसोट्या आणि ही युक्ति एकत्र करणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यांत शंभरांतल्या सुमारें 17 रात्रीं यश आलें. संकल्पानंतर पांच मिनिटांत ज्यांना झोंप लागली त्यांचें प्रमाण 46 पर्यंत गेलें. संकल्प करीत तळमळत पडण्यानें कांहीं साधत नाहीं, असा याचा अर्थ.

पहिल्यांदां ओळख पटली म्हणजे माणूस हर्षानें तत्काळ जागा होतो. तसें होऊं नये म्हणून स्वप्नांतच तळहात एकमेकांवर चोळावेत आणि त्या स्पर्शाकडे लक्ष द्यावें. कधीं कधीं जाग आल्याचेंच स्वप्न पडतें. दांत घासून होतात, चहा होतो, आणि मग खरी जाग येते. म्हणून उठल्यावरहि एकदां कसोटी घ्यावी.

स्वप्नांत आकाशांत उडणें, समुद्रावर चालणें यांचें तरुणांना वेड असतें. मला त्यांत गोडी वाटली नाहीं. पण ज्यांचें माणूस गेलें आहे असे वयस्क लोक मला एकच प्रश्न विचारतात : ओळखलें म्हणजे तें माणूस नाहींसें होतें का? माझी पत्नी 2017 सालीं गेली. ती माझ्या स्वप्नांत येते ती अर्थातच जुन्या स्वयंपाकघरांत. एका पहाटे ती ताटांत तांदूळ निवडीत होती. माझी नजर खिडकींतल्या आंब्याकडे गेली. आंबा तर इमारतीबरोबरच तोडला होता. मीं ओळखलें. ती नाहींशी झाली नाहीं. मीं तळहात चोळले आणि पाटावर बसून राहिलों. आमच्या सूनबाईंना तिच्या गोड्या मसाल्याचें प्रमाण हवें होतें, म्हणून तें विचारलें. मान वर न करतां ती म्हणाली, "डब्यावर लिहिलंय." सकाळीं मीं डबा पाहिला. त्यावर कांहीं लिहिलेलें नव्हतें.

तेव्हां अशा भेटींत नवी माहिती मिळेल अशी आशा कोणीं धरूं नये. जें आपल्याला ठाऊक नाहीं तें स्वप्नांतल्या माणसालाहि ठाऊक नसतें. तें माणूस घडलेलें असतें आपल्याच आठवणींचें. पण समोर बसावयास मिळतें, आणि तें स्वप्न आहे हें जाणून बसावयास मिळतें, यांतला फरक ज्यानें अनुभवला त्यालाच कळेल. पूर्वीं त्या स्वप्नांतून उठल्यावर मला ती नुकतीच गेल्यासारखें होई. आतां तसें होत नाहीं.

दुःस्वप्नांवरहि याचा उपाय म्हणून उपयोग करून पाहिला गेला आहे, पाठलाग करणाऱ्याला "तूं कोण?" असें उभें राहून विचारतां आलें तर भीति ओसरते, असा कित्येकांचा अनुभव आहे. मात्र ज्यांना मनाचा गंभीर विकार आहे, खरें व भासमान यांत ज्यांचा घोटाळा होतो, त्यांनीं डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊं नये. ज्यांची झोंप मुळांतच अपुरी आहे त्यांनीं मध्यरात्रीं उठण्याचा प्रयोग करूं नये, आणि इतरांनींहि तो आठवड्यांतून एक-दोन वेळांच करावा.

प्रारंभ करूं इच्छिणाऱ्यांनीं पहिले पंधरा दिवस दुसरें कांहींहि न करतां फक्त लिहावें. जाग येतांच हालचाल करूं नये. कूस बदलली कीं निम्में स्वप्न गळून पडतें. डोळे मिटून शेवटचा प्रसंग धरावा आणि तेथून मागें मागें जावें. वही उशाशीं ठेवावी, आणि तिच्याबरोबर पेन न ठेवतां पेन्सिल ठेवावी. उताणें पडून लिहितांना पेनाची शाई उतरत नाहीं.