औषधाला न जुमानणारा जंतू

अरुंद गल्ल्या, रेशमी साड्यांची दुकाने आणि दिवसभराची वर्दळ यांसाठी बंगळूरची चिकपेट प्रसिद्ध आहे. या जुन्या बाजारपेठेपासून थोड्याच अंतरावर, १९०० साली सुरू झालेले व्हिक्टोरिया रुग्णालय आहे. बाजार आणि रुग्णालय इतके जवळ असले की माणसांची ये-जा होणारच; आणि माणसांबरोबर जंतूही ये-जा करतात.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा असाच एक जंतू होय. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे पुंजके द्राक्षांच्या घडासारखे दिसतात. सुमारे एक तृतीयांश निरोगी माणसांच्या नाकात तो काहीही त्रास न देता राहतो. कातडीला जखम झाली की मात्र तो आत शिरतो व गळू होते. रक्तात पोहोचल्यास हाडे, फुप्फुसे आणि हृदयाच्या झडपा यांनाही तो ग्रासतो.

पेनिसिलीन हे यावर रामबाण औषध वाटले होते. आपल्याकडे पिंपरी येथील सरकारी कारखान्यात १९५५ साली त्याचे उत्पादन सुरू झाले. परंतु पेनिसिलीनचा नाश करणारे द्रव्य तयार करणारे जंतू त्यापूर्वीच आढळू लागले होते. म्हणून १९५९ मध्ये मेथिसिलीन हे नवे औषध आले. १९६१ मध्ये त्यालाही दाद न देणारे जंतू ब्रिटनमध्ये सापडले. ही औषधे जंतूची भित्तिका बांधणाऱ्या प्रथिनांना निकामी करतात. प्रतिरोधी जंतूजवळ मात्र एक वेगळे प्रथिन असते. औषध त्याला पकडू शकत नाही आणि भित्तिकेचे बांधकाम चालूच राहते. औषधाने दुर्बळ जंतू मरतात, तर या थोड्या चिवट जंतूंना मोकळे रान मिळते.

प्रारंभी हा जंतू मुख्यतः रुग्णालयांतच आढळे. १९९० नंतर मात्र रुग्णालयाशी संबंध न आलेल्या लोकांमध्येही तो दिसू लागला. दाटीची घरे, वसतिगृहे, कुस्तीचे आखाडे, एकाच टॉवेलाचा अनेकांनी केलेला वापर, या वाटांनी तो पसरतो.

उपचारात औषधाचा क्रम नेहमीच पहिला नसतो. लहान गळवाला डॉक्टरांनी चीर देऊन पू काढणे हाच पुष्कळदा मुख्य उपाय ठरतो. त्या पुवाची तपासणी केली म्हणजे कोणते औषध लागू पडेल ते कळते. गंभीर आजारात व्हँकोमायसिन शिरेवाटे देतात. परंतु त्यालाही न जुमानणारा जंतू २००२ साली अमेरिकेत आढळला. राखीव शस्त्र जपूनच वापरावे लागते.

खरा प्रतिबंध हातांच्या स्वच्छतेत आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुवावयास लावले आणि मातांचे मृत्यू झपाट्याने घटले. तिथला जंतू निराळा होता, पण वाट हीच होती. प्रत्येक रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात स्वच्छ करणे, हा आजही रुग्णालयाचा पहिला नियम आहे. घरी जखम झाकावी, टॉवेल व वस्तरा स्वतंत्र ठेवावा, गळू पिळू नये.

कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या हमालाच्या दंडावर गळू उठते. रोजंदारी बुडू नये म्हणून तो दुकानातून चार गोळ्या घेतो आणि बरे वाटताच त्या सोडून देतो. २०१४ पासून भारतात अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, वेगळ्या वहीत नोंद करणे विक्रेत्यांवर बंधनकारक आहे. पण ज्याला एक दिवसही खाडा परवडत नाही, त्याच्यापर्यंत योग्य उपचार पोहोचल्याखेरीज केवळ वहीतील नोंदीने जंतूची वाट अडणार नाही.