सोन्याच्या विटा आणि गाळातला तोफगोळा

१४ एप्रिल म्हटले की आपल्या वस्तीत निळे झेंडे, पताका आणि मिरवणुकीची धावपळ. त्याच दिवशी अग्निशमन दलाचे जवान आपल्या ६६ सहकाऱ्यांना मानवंदना देत असतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

१९४४ सालचा तो शुक्रवार. दुसरे महायुद्ध चालू होते. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज उभे होते. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा आणि त्याच्याच जोडीला कराचीत भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी! गाठीला धग लागली की ती आतल्या आत कशी धुमसते, हे खामगाव-मलकापूरच्या जिनिंगात राबलेल्यांना सांगायला नको. दुपारी धूर दिसला. धोक्याचा लाल बावटा जहाजावर नव्हताच. मग शेजारच्यांना कळणार कसे? चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. धक्क्याची नोंद सिमल्यात झाली. जळता कापूस मांडवीच्या वस्तीवर पडला. आग विझवायला गेलेले ते ६६ जण परतले नाहीत.

मी बी.कॉम. झालेला कारकून. हिशेब तपासायची खोड जात नाही. जहाजावर ३१ पेट्यांत १२४ सोन्याच्या विटा होत्या, साडेबारा किलोच्या आसपास एकेक. त्यातली एक मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात जाऊन पडली. गोदीचा गाळ काढताना पुढे कितीतरी वर्षे विटा सापडत राहिल्या, अगदी २०११ च्या फेब्रुवारीपर्यंत. सापडलेली वीट मालकाकडे पोचती झाली. मेलेल्या माणसांचा आकडा मात्र कोणी सातशेच्या वर सांगतो, कोणी हजाराच्या पुढे. पाच लाख टन ढिगारा ८००० माणसांनी सात महिने उपसला. त्यांची नावे कोणत्या वहीत आहेत?

आणि न फुटलेल्या गोळ्यांचे काय? त्याच २०११ सालच्या ऑक्टोबरात त्या गाळातून ४५ किलोचा जिवंत तोफगोळा वर आला. तब्बल ६७ वर्षांनी! लोखंड बाहेरून गंजते, पण आतली दारू जाड कवचात तशीच राहते. गंजला म्हणजे निकामी झाला, ही समजूत जिवावर बेतणारी आहे. उलट फ्यूज असलेला जुना गोळा जास्तच नाजूक झालेला असतो. नुसत्या धक्क्यानेही उडू शकतो.

मुंबई लांब आहे म्हणाल, तर पुलगाव आपल्या विदर्भातच आहे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी तिथे जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जण ठार झाले. त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. रोजीसाठी गेलेले.

आपल्या कितीतरी आया-बहिणी भंगार वेचून संसार चालवतात. पितळ आणि लोखंडाला भाव येतो, म्हणून जड, निमुळते, गंजलेले काही दिसले की हात पुढे जातो. अशी वस्तू हलवू नये. ठोकू नये, चुलीजवळ नेऊ नये, पाण्यातही टाकू नये. पोरांना लांब न्यावे, जागेची खूण लक्षात ठेवावी आणि ११२ क्रमांकावर किंवा पोलीस पाटलाला कळवावे. बॉम्बशोधक पथक येईपर्यंत कुणीतरी लांबून राखण करावी, कारण बघ्यांची गर्दी आधी जमते. आणि भंगारवाल्याने घरी येऊन चांगला भाव सांगितला, तरी ती वस्तू त्याला दाखवायलासुद्धा उचलू नये.