ट्रॅक्टरचे ऑइल पिकअपला का चालत नाही? इंधनाचा दर्जा आणि इंजिन ऑइलची निवड

शेतकऱ्याच्या घरी आज दोन-तीन प्रकारची इंजिने असतात: ट्रॅक्टर, डिझेल पंप आणि माल वाहून नेणारी पिकअप. या सगळ्यांसाठी १५डब्ल्यू-४० ऑइलचा एकच मोठा कॅन आणून ठेवण्याची सवय जुनी आहे. बीएस-६ पिकअप घेतली असेल, तर ही सवय महागात पडू शकते. त्याचे कारण इंधनाच्या बदललेल्या दर्जात आहे.

डिझेलमध्ये काय बदलले?

डिझेलमधील गंधकाचे (सल्फर) कमाल प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी झाले:

- बीएस-३ : ३५० पीपीएम
- बीएस-४ : ५० पीपीएम
- बीएस-६ : १० पीपीएम

एप्रिल २०१० मध्ये मुंबईसह १३ शहरांत बीएस-४ इंधन आले, पण ग्रामीण भागात बीएस-३ होते. म्हणजे मुंबईला भाजी नेणाऱ्या गाडीत कधी ५०, तर कधी ३५० पीपीएमचे डिझेल पडत असे. बीएस-४ इंधन १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ इंधन १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. आता भाईंदरचा पंप असो की गावाकडचा, डिझेलचा दर्जा एकच आहे.

गंधकाचा ऑइलशी संबंध

गंधक जळल्यावर तयार होणारे वायू ओलाव्याशी मिळून आम्ल बनते. हे आम्ल इंजिनाचे भाग खाते. ते मारण्यासाठी ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियमयुक्त अल्कधर्मी घटक घालतात. आम्लधर्मी जमिनीत आपण चुना टाकतो, तसेच हे काम. या क्षमतेला टीबीएन म्हणतात. गंधक जास्त असेल तर टीबीएन जास्त लागतो.

पण थोडे ऑइल इंजिनात नेहमीच जळते आणि या धातूंची राख उरते. जुन्या गाडीत ती धुराबरोबर बाहेर जात होती. बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ असते. अडकलेली काजळी गाडी तापल्यावर जाळून टाकता येते. राख जळत नाही. ठिबकच्या फिल्टरमधले शेवाळ क्लोरीनने जाते, वाळू मात्र फिल्टर उघडूनच काढावी लागते, तसा हा प्रकार आहे.

इंधनातील गंधक घटल्यामुळेच कमी राखेचे ऑइल वापरणे शक्य झाले. अशा गाडीत जुन्या दर्जाचे जास्त राखेचे ऑइल टाकले, तर डीपीएफ लवकर तुंबतो, गाडीची ताकद कमी होते आणि माल वेळेवर बाजारात पोहोचत नाही. डीपीएफ बदलण्याच्या खर्चापुढे ऑइलमध्ये वाचवलेले पैसे काहीच नसतात.

कोणत्या इंजिनाला कोणते ऑइल?

- बीएस-६ डिझेल पिकअप : मॅन्युअलमध्ये दिलेला दर्जा आणि घट्टपणा (उदा. ५डब्ल्यू-३०) दोन्ही तंतोतंत पाहा. कॅनवर एपीआय सीके-४ किंवा एसीईए सी२, सी३ असे कमी राखेचे दर्जे असतात. सीके-४ मध्ये सल्फेटेड राखेची मर्यादा १ टक्का, तर सी३ मध्ये ०.८ टक्के आहे.
- ५० एचपीपर्यंतचा ट्रॅक्टर : यात सहसा डीपीएफ नसतो. मॅन्युअलप्रमाणे सीआय-४ किंवा सांगितलेला दर्जा वापरा. गिअर, हायड्रॉलिक व ऑइल ब्रेकचे तेल वेगळे असते. तिथे इंजिन ऑइल टाकू नका.
- ५० एचपीपेक्षा मोठा ट्रॅक्टर : जानेवारी २०२३ पासून यांना ट्रेम-४ नियम लागू आहेत. नवा ट्रॅक्टर असेल तर डीपीएफ आहे का, हे विक्रेत्याला विचारा.
- सीएनजी टेम्पो : गॅसमध्ये गंधक नगण्य असते, पण ज्वलन जास्त उष्ण असते. सीएनजीसाठी शिफारस केलेलेच ऑइल घ्या.
- पेट्रोल गाडी : कॅनवरचा दर्जा ‘एस’ने सुरू होतो (उदा. एसपी), डिझेलचा ‘सी’ने. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या ई-२० पेट्रोलमधील इथेनॉल ओलावा ओढते. गाडी कमी अंतर चालत असेल तर ऑइल किलोमीटरपेक्षा महिन्यांच्या हिशेबाने बदला.

एकच कॅन ठेवायचा असेल तर एक सोपा नियम लक्षात ठेवा: घट्टपणा जुळत असल्यास सीके-४ ऑइल सीआय-४ मागणाऱ्या ट्रॅक्टरला चालते; ट्रॅक्टरचे सीआय-४ डीपीएफ असलेल्या पिकअपला चालत नाही.

मीरा-भाईंदर परिसरात विशेष काळजी

उत्तन, राई, मुर्धा भागातून भाईंदरच्या बाजारापर्यंतच्या फेऱ्या छोट्या असतात. वसई-पालघरकडून येणाऱ्या गाड्या काशीमिरा आणि दहिसर नाक्यावर कोंडीत अडकतात. अशा वापरात डीपीएफ पुरेसा तापत नाही. काजळी जाळण्यासाठी बऱ्याच इंजिनांत जादा डिझेल सोडले जाते. हे काम अर्धवट राहिले की त्यातले काही डिझेल ऑइलमध्ये उतरते.

- आठवड्यातून एकदा, गाडी सपाट जागी उभी करून, डिपस्टिक तपासा. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर ‘ऑइल कमी झाले नाही’ म्हणून खूश होऊ नका. त्यात डिझेल मिसळले असण्याची शक्यता आहे; ऑइल बदलून घ्या.
- डीपीएफचा दिवा लागल्यास मॅन्युअलप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग चालवा. दिवा तसाच राहिला तर सर्व्हिस सेंटरला दाखवा.
- सुट्टे, स्वस्त डिझेल घेऊ नका. रॉकेलच्या भेसळीने गंधक वाढते आणि कमी राखेच्या ऑइलची आम्ल मारण्याची ताकद लवकर संपते.
- काढलेले ऑइल शेतात, नाल्यात किंवा खाडीत ओतू नका. ते अधिकृत संकलकाकडेच द्या.

कृषी सहायकांनी अवजार प्रशिक्षणात प्रत्येक शेतकऱ्याकडून एवढे जरूर करून घ्यावे: मॅन्युअलमधला ऑइलचा दर्जा आणि घट्टपणा कागदावर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवणे. मग गॅरेजमध्ये कोणीही गाडी नेली, तरी चुकीचा कॅन उघडला जाणार नाही.