साडेसातशे किलोंचा हिशेब

कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत पहाटे मुरबाड-शहापूरकडून भाजीपाला घेऊन येणाऱ्या, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये यंत्रांचे सुटे भाग भरून बाहेर पडणाऱ्या आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतून भिवंडीच्या गोदामांकडे निघणाऱ्या गाड्यांकडे लक्ष देऊन पाहिले, म्हणजे ह्या परिसराचा केवढा व्यवहार लहान मालवाहू गाड्यांच्या हौद्यावर तोललेला आहे हे ध्यानी येते. अवजड वाहनांना दिवसाच्या ठरावीक वेळी शहरात मज्जाव असल्यामुळे मोठ्या ट्रकने आणलेला माल गल्लीतल्या दुकानापर्यंत नेण्याची कामगिरी ह्याच गाड्यांकडे येते. साहजिकच अशा एखाद्या गाडीची नवी आवृत्ती निघाली की टेम्पो स्टँडवर प्रश्न उभा राहतो, तो कुतूहलाचा नसून पोटापाण्याचा असतो: कर्ज काढून घ्यावी, इतकी ही नवी गाडी जुनीहून खरोखर सरस आहे काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर अश्वशक्तीच्या आकड्यात किंवा समोरच्या दिव्यांच्या नव्या घडणीत शोधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नेमून दिलेला भार नेहमीच्या रस्त्याने, पूर्वीपेक्षा कमी धोक्याने, कमी धुराने आणि कमी खर्चाने पोहोचविणे हे मालवाहू गाडीचे मूळ कर्तव्य होय. त्यात जी भर घालते तीच सुधारणा, बाकीचे केवळ फेरफार.

हा निकष लावून पाहण्यास टाटा मोटर्सच्या ‘एस’ ह्या गाडीइतके, म्हणजे आपल्याकडे सर्वांच्या तोंडी असलेल्या छोट्या हत्तीइतके, चांगले उदाहरण दुसरे नाही. गिरीश वाघ ह्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात तिची आखणी झाली आणि मे २००५ मध्ये ती बाजारात आली. तोवर लहान मालाची वाहतूक मुख्यतः तीनचाकी टेम्पोंकडे होती, आणि तीन चाकांची अडचण भूमितीतच दडलेली आहे. गाडी वळताना तिचा तोल चाकांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषांच्या आत राहावा लागतो. चार चाकांचा तो आयत असतो, तर तीन चाकांचा त्रिकोण. गुरुत्वमध्य मागच्या आसापासून पुढे, चाकांमधील लांबीच्या एक-तृतीयांश अंतरावर असेल, तर तीनचाकीला बाजूला कलंडण्यापूर्वी मिळणारी मोकळीक चारचाकीच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशाने घटते. कोबीच्या गोण्या उंच रचल्या की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि उरलेली मोकळीकही आटत जाते. चौथे चाक देणे हीच त्या गाडीची सर्वांत मोठी सुधारणा होती, आणि ती पहिल्याच आवृत्तीत होऊन गेली.

तिचे इंजिनही काटकसरीच्या बुद्धीतून आले होते. इंडिका मोटारीचे चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन १,४०५ घन सेंटिमीटरचे. त्याचे निम्मे करून दोन सिलिंडरांचे ७०२ घन सेंटिमीटरचे इंजिन सिद्ध केले गेले. शक्ती अवघी १६ अश्वशक्ती, पीळ चाळीस न्यूटन-मीटरच्या आत, आणि नेमून दिलेला भार ७५० किलो. वीस वर्षांनी, जून २०२५ मध्ये, त्याच घराण्यातील ‘एस प्रो’ आली, तिचाही भार ७५० किलोच आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या तिच्या इंजिनाचे सिलिंडरही दोनच, आकारमान ६९४ घन सेंटिमीटर. मात्र शक्ती ३० अश्वशक्ती आणि पीळ ५५ न्यूटन-मीटर. भार तोच ठेवून शक्ती जवळजवळ दुप्पट केली, ह्याचा रस्त्यावर अर्थ काय होतो?

घोडबंदर मार्गावरचा गायमुख घाट डोळ्यांसमोर आणावा आणि हिशेबापुरता शंभर मीटरला पाच मीटर असा चढ धरावा. भरलेल्या गाडीचे वजन मालासकट दीड टन मानले, तर चढ आणि चाकांचे घर्षण मिळून साडेनऊशे न्यूटनांच्या घरात विरोध होतो, आणि वेगाबरोबर वाढणारा हवेचा विरोध त्यात मिळवावा लागतो. सोळा अश्वशक्तीपैकी चाकांपर्यंत जे पोहोचते, त्यात अशी गाडी ताशी पस्तीस किलोमीटरच्या आसपास चढेल. तीस अश्वशक्तीची साठच्या आसपास. मागे रांग लागलेल्या अरुंद घाटात हा भेद फार मोलाचा आहे, कारण रेंगाळणारी एक गाडी तिच्यामागच्या पन्नास गाड्यांचे इंधन जाळते. इतपत नव्या गाडीच्या पारड्यात निःसंकोच टाकावे.

परंतु हाच हिशेब पुढे नेला की एक निराळी गोष्ट दिसू लागते. नव्या गाडीत ७५० ऐवजी दीड टन माल भरला, तरी त्याच चढावर ती ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे जाऊ शकेल. म्हणजे दुप्पट बेकायदा माल घेऊनही ती जुन्या गाडीच्या कायदेशीर फेरीपेक्षा वेगाने चढेल. जुन्या गाडीत जादा माल भरला की इंजिन धापा टाकू लागे, आणि इंजिनाची ती दुर्बलता हाच चालकाला मिळणारा पहिला इशारा असे. नव्या गाडीत तो इशारा उरत नाही. आता उतार पाहावा. गतिज ऊर्जा वजनाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दीड टनाची गाडी ताशी चाळीसने धावत असता थांबवायची, तर ब्रेकांना सुमारे ९३ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करावी लागते. सव्वादोन टनांची गाडी ताशी साठने धावत असेल, तर हा आकडा ३१२ होतो, म्हणजे सव्वातीन पटींहून अधिक. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद केली आहे. पण वजनकाटा आणि तपासनीस दोन्ही प्रत्येक नाक्यावर नसतात, आणि भाडे मात्र प्रत्येक फेरीला ठरते. म्हणून वाढलेली शक्ती हा लाभ आहे तो नोंदणीच्या कागदावर लिहिलेल्या पासिंगची मर्यादा पाळणाऱ्यालाच. इतरांच्या हाती ती जोखीम आहे, आणि त्या जोखमीत रस्त्याने पायी चालणारा माणूस विनासंमती भागीदार होतो.

महिंद्रा कंपनीच्या बोलेरो पिकअपने नेमकी उलट वाट धरलेली दिसते. २०२३ साली आलेल्या तिच्या ‘मॅक्स’ मालिकेत नेमलेला भार १.३ टनांपासून थेट २ टनांपर्यंत चढविला आहे, आणि इंजिन मात्र परिचयाचेच, २,५२३ घन सेंटिमीटरचे डिझेल. गिऱ्हाईक जादा माल भरणारच आहे, तर त्या भाराला पुरेल अशी चौकट, पाटे आणि टायर देऊन तो भार कायद्याच्या कक्षेत आणावा, ही भूमिका मला प्रामाणिक वाटते. गावाकडून बाजारापर्यंतच्या लांब फेरीला ती सोयीचीही आहे. डोंबिवलीच्या फडके रोडवर मात्र दोन टनांच्या गाडीचे काम नाही.

धुराच्या बाबतीत वादाला जागाच नाही. जुन्या छोट्या हत्तीच्या इंजिनात डिझेल आधी एका लहानशा पूर्वकक्षात शिरून तेथून पेटत मुख्य सिलिंडरात येई. ही रचना स्वस्त आणि दणकट खरी, पण पूर्वकक्षाच्या भिंतींत उष्णता वाया जाई आणि काजळी पुष्कळ होई. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची अट देशभर अमलात आली, तीही पाचवी पायरी ओलांडून. सर्वांत हलक्या गटातील डिझेल गाड्यांना काजळीची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांची २५० वरून ८० वर उतरली. इंधनातील गंधकही दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आणले गेले. ठाण्याच्या स्टेशन रोडवर किंवा कल्याणच्या शिवाजी चौकात वाहतूक खोळंबली असता त्या धुरात उभ्या राहणाऱ्या पोलिसाच्या आणि फेरीवाल्याच्या फुप्फुसांच्या दृष्टीने गेल्या वीस वर्षांतील ही सर्वश्रेष्ठ सुधारणा होय, आणि ती कारखानदारांच्या नव्हे तर कायद्याच्या प्रेरणेने झाली, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

ह्या सुधारणेचे मोल मात्र चालकमालकाने मोजले आहे. काजळी गाळणारी गाळणी आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा बंदोबस्त करणारी यंत्रणा इवल्याशा डिझेल इंजिनाला बसवायची, तर तिचा खर्च इंजिनाच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. म्हणून लहान गाड्यांत डिझेल मागे पडले आणि पेट्रोल व सीएनजी पुढे आले. डिझेल इंजिन हवा पेट्रोल इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट दाबते, म्हणून त्याच उष्णतेतून ते अधिक काम काढते. शिवाय लिटरभर डिझेलात पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त असते. तेव्हा लिटरमागे पूर्वीइतके किलोमीटर मिळत नाहीत ही चालकांची तक्रार खोटी नाही. सीएनजी स्वस्त पडतो, परंतु वायूच सिलिंडरातील हवेची जागा अडवत असल्याने शक्ती थोडी घटते, वातावरणाच्या दोनशे पट दाब सोसणाऱ्या टाकीचे वजन वाहावे लागते, आणि पंपावरच्या रांगेत गेलेल्या वेळाचे भाडे कोणी देत नाही.

विजेवर चालणाऱ्या आवृत्तीविषयी अतिशय आशेने बोलले जाते, आणि शास्त्राच्या दृष्टीने ती आशा साधार आहे. २०२२ च्या ‘एस ईव्ही’मध्ये २१.३ किलोवॅट-तासांची बॅटरी होती, पण भार ६०० किलोंवर उतरला होता. २०२४ मध्ये टनभर भार वाहणारी आवृत्ती आली. आणि २०२५ च्या ‘एस प्रो ईव्ही’ने बॅटरी १४.४ किलोवॅट-तासांवर आणून पुन्हा ७५० किलो गाठले. चौदा किलोवॅट-तास म्हणजे उष्णतेच्या हिशेबाने जेमतेम दीड लिटर डिझेल! पण गर्दीत लहान डिझेल इंजिन इंधनातील फार तर चतुर्थांश ऊर्जा चाकांना देते, तर विजेची मोटर बॅटरीतील बहुतांश. म्हणून हे दीड लिटर पाच लिटरांची चाकरी करते. लिटरला वीस किलोमीटर धरले, तर त्यातून शंभरेक किलोमीटर निघतात. प्रमाणित पल्ला १५५ किलोमीटरांचा आहे. तरी भरल्या गाडीने मुंब्रा बायपास चढणाऱ्याने माझा आकडा धरून दिवस आखावा, हे बरे. शून्य वेगापासून पूर्ण पीळ मिळणे आणि ब्रेक लावताना ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परतणे, हे दोन्ही गुण शीळफाट्यासारख्या थांबत-सरकत जाणाऱ्या रस्त्यासाठीच निर्माण झाल्यासारखे आहेत. अडचण रात्रीची आहे: ज्याची गाडी चाळीबाहेरच्या रस्त्याकडेला उभी असते, त्याने ती कोणत्या खांबावरून भारायची, ह्याची तजवीज गाडीच्या आखणीत नसते, ती महापालिकेने आणि महावितरणनेच करावयाची आहे.

चालकाच्या शरीराचा विचार जाहिरातीत सहसा येत नाही. मालवाहू गाडीचे मागचे पाटे भरल्या वजनाला पुरतील इतके कडक ठेवावे लागतात. मागचा भार तिपटीने कमी झाला की गाडीच्या डोलण्याची वारंवारता १.७ पट वाढते. माणसाचे बसलेले शरीर सेकंदाला चार ते आठ कंपनांना सर्वांत अधिक हादरते, आणि रिकामी परतणारी गाडी खड्ड्यांतून जाताना मणक्याला नेमकी त्याच पट्ट्याच्या दिशेने नेते. नव्या गाडीत केबिनची धडक-चाचणी झालेली आहे, ही समाधानाची गोष्ट. पण पाठीच्या दुखण्यावर पाट्यांच्या दुहेरी रचनेचा आणि चांगल्या आसनाचा उपाय उपलब्ध असता तो सर्वांत स्वस्त आवृत्तीतही असावा, असा आग्रह ग्राहकांनी धरला पाहिजे.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र पाऊल मागे पडले आहे. जुन्या गाडीचा पंप आणि नोजल मानपाड्याचा किंवा उल्हासनगरचा मिस्त्री कानाने ऐकून जुळवीत असे, आणि दुपारची खोटी संध्याकाळच्या फेरीआधी भरून निघे. आता सेन्सरने कसूर नोंदविली की गाडी आपली शक्ती आपणच रोखते, आणि ती नोंद वाचण्याचे उपकरण बहुधा अधिकृत केंद्रापाशीच असते. प्रदूषणाच्या कसोटीसाठी ही यंत्रणा अटळ आहे. १ एप्रिल २०२३ पासून तर प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाचीही अट लागू झाली. पण कसुरीची नोंद वाचण्याचा मक्ता अटळ नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी जे संकेतस्थळ उघडले, त्यात मोटारींचा समावेश आहे. त्याच धर्तीवर प्रत्येक मालवाहू गाडीच्या कसुरींची यादी आणि त्या दूर करण्याची रीत मराठीत छापून ठाणे-अंबरनाथच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना द्यावी, आणि नोंद वाचण्याचे उपकरण रस्त्यावरच्या मिस्त्रीला रास्त किमतीत विकत घेता यावे. ज्याचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला ठरलेला आहे, त्याला गाडी तीन दिवस उभी ठेवणे परवडत नाही.