ओवाळायचे सहा दिवस

लहानपणी आमच्या घरात ‘धन्यवाद’ हा शब्द क्वचितच कानावर पडला. तो सभेत, भाषणाच्या शेवटी म्हणायचा शब्द. घरात उपकार मानायची रीत निराळी होती. आईच्या आजारपणात शेजारच्या काकूंनी आठवडाभर डबा दिला, तेव्हा आई त्यांना काही बोलली नाही. दिवाळीत मात्र पहिल्या घाण्याच्या चकल्यांचं ताट रुमालाने झाकून आधी त्यांच्याकडे गेलं. ताट रिकामं परत यायचं नसतं, म्हणून त्यातून त्यांच्या घरचे शंकरपाळे आले. पुढे दिवाळीच्या एकेका दिवसाचे विधी नीट पाहिले आणि लक्षात आलं, की वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचे सहाही दिवस याच रीतीने बांधलेले आहेत. रोज कुणाचं तरी देणं आठवायचं, आणि ते हातांनी फेडायचं.

पहिला मान गाईचा. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वसुबारसेला, संध्याकाळी सवत्स धेनूची पूजा होते. तबकात निरांजन, हळदकुंकू, अक्षता घेऊन बायका गाय-वासराला ओवाळतात. उपास करणाऱ्या बायका त्या दिवशी दूध, दही, ताक, तूप यांतलं काही खात नाहीत. गहू आणि मूगही वर्ज्य. रात्री बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी खाऊन उपास सुटतो. आजीला कारण विचारलं तर ती म्हणायची, ‘वर्षभर वासराच्या वाटणीचं आपण घेतो, एक दिवस त्याचं त्याला राहू दे.’ इतकं सोपं उत्तर मला नंतर कुठल्याच ग्रंथात मिळालं नाही. सह्याद्रीतल्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांवर हाच दिवस वाघबारस म्हणून पाळतात. तिथे वाघदेवाची पूजा होते आणि गुरांना राख, असं त्याला सांगणं घातलं जातं. ज्याच्या रानात गुरं चारायची, त्याचाही मान ठेवायचा, ही जाण त्यामागे आहे.

धनत्रयोदशीला धन्वंतरीला धणे-गुळाचा नैवेद्य आणि यमासाठी दक्षिणेकडे वात केलेला कणकेचा दिवा. नरकचतुर्दशीला पहाटे तेल-उटणं लावून अभ्यंगस्नान, आणि कोकणात पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं. गोव्यात रात्रभर मिरवलेले नरकासुर पहाटे जाळतात आणि मग घरोघरी ताकातले, रोसातले, दुधातले असे तऱ्हेतऱ्हेचे फोव होतात. नव्या पिकाच्या पोह्यांचा हा पहिला घास शेतालाच केलेला नमस्कार असतो.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटावर देवीच्या शेजारी एक वस्तू असते, तिच्याकडे एरवी कुणी बघत नाही. ती म्हणजे नवी केरसुणी. शिंदीची पानं वाळवून, चिरून, घट्ट मूठ बांधून ती करतात. हे काम पिढ्यान् पिढ्या मुख्यतः मातंग समाजाच्या हातांनी केलं. बाजारात तिला ‘लक्ष्मी’ म्हणूनच मागतात आणि घरी आणून हळदकुंकू वाहतात. पण केरसुणीला नमस्कार करताना ती वळणाऱ्या हातांची आठवण आपण ठेवतो का? दहा रुपयांसाठी घासाघीस करून आणलेल्या लक्ष्मीची पूजा मला अपुरी वाटते. कुंभारवाड्यातल्या पणत्यांचंही तसंच. माती मळून, चाकावर उतरवून, सुकवून भट्टीत भाजलेली पणती आपल्या दारात येते. ती लावण्यापूर्वी काही तास पाण्यात भिजत ठेवावी, म्हणजे तेल कमी पिते, हेही मला एका कुंभारीणबाईंनीच शिकवलं.

घरातल्या हातांचं काम तर कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. अनारशाचंच बघा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून सावलीत कापडावर पसरायचे आणि ओलसर असतानाच कुटून बारीक चाळायचे. त्यात किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून गोळे डब्यात मुरत ठेवायचे. चार-पाच दिवसांनी खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडायचा. तो उलटायचा नाही, झाऱ्याने वर तूप उडवत राहायचं. जाळी पडली की आजीचा चेहरा उजळायचा. कधी कधी तुपात पडल्याबरोबर तो विरघळून पसरायचा. त्याला आमच्याकडे ‘अनारसा हसला’ म्हणतात. मग थोडी तांदळाची पिठी मिसळून पुन्हा थापायचा. आठवडाभराच्या या खटपटीतून झालेले दोन अनारसे कुणाच्या ताटात पडले, तर त्याला तिचा जीव कळायचा.

दारात मुलांचंही काम चालू असायचं. आकाशकंदिलासाठी कामट्या तासून, दोऱ्याने चौकटी बांधून, पिठाची खळ शिजवून पतंगाचा कागद चिकटवायचा, खाली झिरमिळ्या सोडायच्या. खळ जास्त झाली की कागद सुरकुततो, हे पहिला कंदील बिघडल्यावरच कळतं. अंगणात विटा, पोती आणि लाल मातीचा किल्ला उभा राहायचा. त्यावर अळीव पेरायचे, म्हणजे चार दिवसांत हिरवळ उगवते. माझी आयुष्यभराची मैत्री त्या चिखलात झाली.

पाडव्याला वहीपूजन होतं, बळीराजाचं स्मरण होतं, बायको नवऱ्याला ओवाळते. आणि शेवटी भाऊबीज. या दिवसाला पुण्यात एक फार मोठा अर्थ मिळाला आहे. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1900 मध्ये तो हिंगण्याला नेला. त्यांच्या संस्थेचा भाऊबीज निधी आजही कार्यकर्त्या घरोघर जाऊन गोळा करतात. आपण दिलेली ओवाळणी कधी न पाहिलेल्या मुलींच्या शिक्षणाला लागते. बहीण या शब्दाची कक्षा एवढी वाढवणारी दुसरी सुंदर रीत मला माहीत नाही.

आजीला भाऊ नव्हता. भाऊबीजेच्या संध्याकाळी ती तबक घेऊन अंगणात यायची, पश्चिमेला बीजेची कोर शोधायची आणि चंद्राला ओवाळायची. निरांजनाची ज्योत वाऱ्याने विझू नये म्हणून एक हात आडोशाला धरलेला असायचा. मग तेच तबक घेऊन ती माझ्याकडे वळायची, कपाळाला कुंकू लावायची. ती काहीच बोलायची नाही. तिच्या तळव्याची ऊब मात्र मला अजून आठवते.